एका रात्रीचे दोन आकडे

अमेरिकेतील एका कम्युनिटी कॉलेजमध्ये मी स्लीप टेक्नॉलॉजी, म्हणजे झोपेतल्या नोंदी घेण्याचे आणि वाचण्याचे तंत्र, शिकते. प्रशिक्षणासाठी निद्राप्रयोगशाळेत काढलेल्या एका रात्रीतून दोन आकडे निघाले आणि ते अजून माझ्या मनातून जात नाहीत.

रुग्ण अडुसष्ट वर्षांच्या बाई होत्या. दिवसा वर्तमानपत्र हातात असतानाच त्यांचा डोळा लागे, म्हणून मुलीने त्यांचे गाडी चालवणे बंद केले होते. त्यांचे केस दाट आणि कुरळे होते. टेपने डोके मोजून 10-20 पद्धतीच्या, म्हणजे मेंदूच्या लहरी टिपणाऱ्या इलेक्ट्रोडच्या ठरलेल्या जागांच्या, खुणा करायच्या, भांग पाडावा तसे केस बाजूला सारून त्वचा हलक्या हाताने घासायची, पेस्ट भरलेले इलेक्ट्रोड बसवायचे आणि प्रत्येकाचा विद्युतरोध 5 किलोओहमच्या खाली आणायचा, यात माझा पाऊण तास गेला. काही जुने तंत्रज्ञ टेप न लावता अंदाजाने खुणा करतात. मला ते मुळीच पटत नाही, कारण पहाटेपर्यंतचे सारे वाचन त्या खुणांवरच उभे असते.

रात्री 30 सेकंदांचे एकेक पान सरकत असताना एकच गोष्ट पुन्हापुन्हा दिसत राहिली. नाकातील दाबाच्या लहरींचे गोल माथे सपाट होत, छाती आणि पोटावरचे पट्टे श्वासासाठीची धडपड दाखवत, आणि रक्तातील ऑक्सिजन 95 टक्क्यांवरून 92 वर येण्याच्या सुमारास मेंदूच्या लहरी अचानक वेगवान होऊन बाईंना क्षणभर जाग येई. ऑक्सिजन आणखी उतरण्याआधीच शरीर स्वतःला जागे करत होते आणि त्याची किंमत झोप मोजत होती.

सकाळी कोमट पाण्याने केसांतली पेस्ट काढताना बाईंनी विचारले, "रात्री माझा श्वास अडत होता का?" तंत्रज्ञाने निदान सांगायचे नसते, म्हणून "डॉक्टर सांगतील," एवढेच मी म्हणाले.

नंतर मार्गदर्शक बाईंबरोबर मी नोंदी मोजल्या. श्वासाचा प्रवाह किमान 10 सेकंद 30 टक्क्यांनी घटला आणि सोबत ऑक्सिजन 3 टक्क्यांनी उतरला किंवा जाग आली, तर तो हायपॉप्निया, म्हणजे श्वास उथळ होण्याची घटना, धरावा, अशी अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनची शिफारस आहे. त्या हिशेबाने तासाला 17 घटना भरल्या, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया या झोपेत श्वास अडण्याच्या आजाराची मध्यम पातळी. रुग्णाच्या विम्याला मात्र 4 टक्क्यांचीच घसरण हवी होती आणि जाग येण्याला तिथे काहीच मोल नव्हते; त्या हिशेबाने भरल्या तासाला 4. पाचच्या आत आजार धरत नाहीत, म्हणजे हवेच्या दाबाने श्वासमार्ग उघडा ठेवणारे सीपॅप यंत्रही नाही.

बोटावरच्या ऑक्सिमीटरने सरासरी फार लांब काळाची घेतली तर घसरण उथळ दिसते, आणि इलेक्ट्रोडच्या नादात ती सेटिंग तपासायची माझ्याकडून राहून गेली होती. घाबरतच मी ती उघडून पाहिली. ती नियमाप्रमाणे 3 सेकंदांचीच होती. उपकरणात दोष नव्हता, मोजणीतही नव्हता.

मार्गदर्शक बाईंनी दोन्ही आकडे अहवालात लिहिले आणि वारंवार जाग येण्याची नोंद स्वतंत्र ओळीत केली. इतकी काळजी घेणारी माणसे या कामात मला फार थोडी भेटली आहेत. त्या दोहोंपैकी कोणता आकडा शेवटी त्या बाईंना सांगितला गेला, हे मला कळलेले नाही.