तुम्ही विचारलंत म्हणून: कॉम्प्युटरचा आवाज बारीक का येतो?

"आवाज पूर्ण वाढवलाय, तरी बारीकच येतो. नवे स्पीकर घेऊ का?" घरी डेस्कटॉप असलेले नातेवाईक, शेजारी, त्यांच्या ओळखीचे, सगळे मला हेच विचारतात. विचारणाऱ्यांत साठीच्या पुढचे जास्त. कीर्तन, जुनी नाटकं, परदेशातल्या नातवंडांचे व्हिडिओ कॉल, सगळं त्या एकाच यंत्रावर चालतं. त्यांचा किती वेळ त्याच्यासमोर आनंदात जातो हे मी पाहतो, म्हणून एकदा नीट लिहितो.

स्पीकर लगेच घेऊ नका. बिघडलेला स्पीकर सहसा फाटका वाजतो, खरखरतो, नाहीतर एका बाजूचा बंद पडतो. दोन्ही एकदम, सारखेच बारीक झाले आणि आवाज स्वच्छ असला, तर तो बहुधा वाटेत कुठेतरी कमी होतोय. कुठे, ते आधी शोधायचं. स्पीकरची पिन कॉम्प्युटरमधून काढून हेडफोनचं भोक असलेल्या एखाद्या मोबाइलला लावा आणि त्यावर गाणं वाजवा. मोठं वाजलं, तर स्पीकर ठणठणीत आहेत, दोष कॉम्प्युटरकडचा. तिथेही बारीकच वाजलं, तर वायर, पिन किंवा स्पीकरची घुंडी बघायची. एवढं केल्याशिवाय मी एकाही सेटिंगला हात लावत नाही.

कॉम्प्युटरकडचा दोष असेल तर टास्कबारवरच्या (स्क्रीनच्या खालच्या पट्टीवरच्या) स्पीकरच्या चित्रावर राइट क्लिक करून व्हॉल्यूम मिक्सर उघडा. तिथे प्रत्येक प्रोग्रामची वेगळी पट्टी असते. मुख्य आवाज १०० वर असला तरी ब्राउझर २० वर राहिला असेल, तर व्हिडिओ बारीकच वाजणार. शिवाय व्हिडिओच्या खाली त्याची स्वतःची पट्टी असते, ती वेगळीच.

व्हिडिओ कॉल करणाऱ्यांच्या घरी आणखी एक गोष्ट हमखास सापडते. कॉल चालू आहे असं विंडोजला वाटलं की ते बाकीचे आवाज आपणहून ८० टक्क्यांनी खाली आणतं. सेटिंग मूळचीच तशी असते. बोलणं संपल्यावर कॉलचा प्रोग्राम मागे चालूच राहिला, तर कधीकधी आवाजही खालीच राहतो. कंट्रोल पॅनेलमध्ये साउंड, त्यात कम्युनिकेशन्स, आणि तिथे 'डू नथिंग' निवडायचं. हे मी प्रत्येक घरी करूनच उठतो.

आणि आवाज नक्की तुमच्या स्पीकरमधूनच येतोय ना? एचडीएमआयने (चित्र आणि आवाज एकत्र नेणाऱ्या केबलने) जोडलेल्या अनेक मॉनिटरमध्ये स्वतःचे चिमुकले स्पीकर असतात आणि विंडोज कधीकधी त्यांनाच आवाज पाठवतं. टेबलावरच्या स्पीकरचं बटण बंद करून बघा. आवाज चालूच राहिला, तर उत्तर मिळालं. साउंड सेटिंगमध्ये आउटपुट बदला.

आता पिन. कॅबिनेटच्या मागे स्पीकरसाठी पोपटी-हिरवं भोक असतं, माइकसाठी गुलाबी. पिन हिरव्यात असूनही पुरती आत गेली नसेल तर फार चमत्कारिक प्रकार होतो: वाद्यं ऐकू येतात, पण गाणाऱ्याचा आवाज खोल जातो. पिनेच्या बुडाशी दोन्ही बाजूंची सामाईक जोडणी असते. ती सुटली की डाव्या आणि उजव्या बाजूतला फक्त फरक वाजतो. गायकाचा आवाज बहुतेक दोन्हीकडे सारखा मिसळलेला असतो, म्हणून नेमका तोच नाहीसा होतो. बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या तर मोनो. त्यांत दोन्ही बाजू एकच, त्यामुळे जवळजवळ काहीच उरत नाही. "नवी गाणी बरी येतात, जुनी नाट्यपदं मात्र येतच नाहीत" अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा पिन दाबायला सांगतो.

कोकणात आणि मुंबईत दमट हवेने स्पीकरची घुंडी आतून गंजते, धूळही बसते. वीज बंद करून ती या टोकापासून त्या टोकापर्यंत बऱ्याचदा फिरवा. खरखर कमी होते आणि पुष्कळदा आवाजही परततो. जुन्या म्युझिक सिस्टिमचे नुसते खोके थेट कॉम्प्युटरला जोडले असतील, तर ते बारीकच वाजणार. त्यांना मध्ये अॅम्प्लिफायर लागतो.

यूएसबीवर चालणाऱ्या छोट्या स्पीकरची गोष्ट निराळी. जुन्या यूएसबी पोर्टमधून ५ व्होल्ट आणि ५०० मिलिअँपिअर, म्हणजे जेमतेम अडीच वॅट मिळतात. खोक्यावर पीएमपीओचा, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचा, कितीही मोठा आकडा छापलेला असो, खरी ताकद आरएमएसच्या, म्हणजे सतत मिळणाऱ्या ताकदीच्या, आकड्यात बघायची. आवाज कानाला दुप्पट वाटायचा तर साधारण दहापट वॅट लागतात, त्यामुळे अडीचचे पाच वॅट करून पैसे जातात, फरक जेमतेम कळतो. त्यापेक्षा स्पीकर जवळ आणा. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की आवाज ६ डेसिबलने वाढतो, खोलीत थोडा कमी, पण फुकट. मॉनिटरच्या मागे, भिंतीकडे तोंड करून ठेवलेले स्पीकर मला बघवत नाहीत. ते कानाच्या उंचीला आणि कानाकडे तोंड करून ठेवा.

साउंडच्या एनहान्समेंट्समध्ये काही कॉम्प्युटरांवर लाउडनेस इक्वलायझेशन मिळतं. ते हळू आवाज वर उचलतं. बातम्या आणि प्रवचनासाठी जरूर लावा. ख्याल ऐकताना मात्र बंद करा, कारण हळुवार आलाप आणि जोरकस तान दोन्ही एकाच पातळीवर येतात आणि गाण्यातला जीव जातो. ब्राउझरमध्ये घालायचे आवाज वाढवणारे बूस्टर मी कुणालाच सुचवत नाही. ते आवाज फाडतात आणि बरेचसे तुम्ही उघडलेल्या प्रत्येक साइटवरचं वाचायची परवानगी मागतात.

एवढं सगळं करूनही कुणी म्हणालं, "आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत," तर मी कॉम्प्युटर बंद करून त्यांच्याशी बोलतो. वयानुसार आधी उंच पट्टीचं ऐकणं कमी होतं, आणि स, श, फ, थ यांसारखी व्यंजनं तिथेच असतात. नुसता आवाज वाढवला की स्वर मोठे होतात, शब्द तसेच अस्पष्ट राहतात. घरातल्यांचं बोलणंही पुन्हा विचारावं लागत असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. तपासणीत सुई नाही, दुखत नाही, हेडफोन लावून बसायचं आणि ऐकू आलं की सांगायचं. तोवर स्पीकरला वेगळ्या घुंड्या असतील तर ट्रेबल (उंच पट्टी) थोडं वाढवा आणि बास (खालची पट्टी) उतरवा.