ऑगस्टपुरती नाही

माझ्या जुन्या अमेरिकन गाडीच्या डॅशबोर्डचा खण साफ करताना एका दुपारी आधीच्या मालकाचा जुना पाना हाती लागला आणि त्याच्यामागे वर्तमानपत्रात गुंडाळलेला, बोटभर लांबीचा पांढरा चिनीमातीचा तुकडा सापडला. ज्याची मी फक्त सही पाहिली होती, त्या माणसाविषयी माझे मत तत्काळ चांगले झाले. हा बॅलस्ट रेझिस्टर. क्रायस्लरची त्या काळातली गाडी बाळगणारा शहाणा माणूस एक जास्तीचा रेझिस्टर जवळ ठेवतोच. तो जळाला की किल्ली फिरवल्यावर इंजिन झकास सुरू होते आणि किल्ली सोडताच मुकाट बंद पडते, कारण सुरू होताना वीज या तुकड्याला वगळून थेट ठिणगीसाठीच्या कॉइलकडे जाते आणि एरवी त्याच्यातून मंदावून जाते, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधले, ठिणगीची वेळ साधणारे पॉइंट जळत नाहीत. ज्याला हे ठाऊक नाही तो बॅटरी, स्टार्टर, पेट्रोलचा पंप असे एकेक बदलत बसतो. ज्याला ठाऊक आहे त्याचे काम एका स्क्रूत आणि दोन वायरींत आटोपते.

गाडी १९६९ ची डॉज डार्ट आहे, म्हणजे क्रायस्लर कंपनीचीच, दोन दारांची, ३१८ घनइंची म्हणजे ५.२ लिटरचे व्ही-एट इंजिन असलेली. घरात रोजच्या कामाला एक निमूट, बिनतक्रार गाडी आहेच, त्यामुळे ही दुसरी. हिला मसल कार म्हणावे की नाही यावर येथे मिशिगनमध्ये वाद घालणारे पुष्कळ भेटतात. १९६४ साली पाँटियॅकने मध्यम आकाराच्या टेम्पेस्टमध्ये मोठ्या गाडीचे ३८९ घनइंची इंजिन बसवून जीटीओ काढली, तेव्हापासून लहान अंगात मोठे इंजिन ही या जातीची खूण मानली जाते, आणि कर्मठ मंडळींच्या मते डार्टमध्ये निदान ३४० घनइंची तरी हवे. म्हणूनच ३१८ च्या गाडीवर ३४० चा बिल्ला चिकटवून विकणारे निघतात. त्यांचे बिंग कारखान्याने गाडीला दिलेल्या क्रमांकातले पाचवे अक्षर फोडते: त्या वर्षी ३१८ साठी ‘एफ’ होते आणि ३४० साठी ‘पी’. माझ्या गाडीवर बिल्लाही नव्हता आणि अक्षर ‘एफ’च होते. पुढे त्याच क्रमांकात ‘बी’ आहे, म्हणजे ही मिशिगनमधल्याच हॅमट्रॅमकच्या कारखान्यात बनली. तो कारखाना १९८० मध्ये बंद झाला आणि नंतर पाडला गेला. गाडी मात्र त्याच मुलखात राहिली आणि तिने तिथल्या रस्त्यांवर हिवाळ्यात बर्फ वितळवायला टाकलेले, पत्रा गंजवणारे मीठ वर्षानुवर्षे खाल्ले. घ्यायला जाताना खिशात लोहचुंबक नेला होता, कारण जिथे तो चिकटत नाही तिथे पत्रा नसतो, पुट्टी भरलेली असते. मागच्या दोन्ही चाकांच्या वर तो चिकटला नाही. भाव त्या प्रमाणात उतरला.

डॉज हे नाव मला अमेरिकेने शिकवले नाही. १९४४ साली सुरू झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने क्रायस्लरशी करार करून कुर्ल्याला डॉज, डिसोटो आणि प्लिमथ गाड्या जोडल्या होत्या, आणि त्यांतली एक आमच्या लहानपणी सांगलीत, घरासमोरच्या गॅरेजमध्ये, वर्षातला बराच काळ मुक्कामाला असे. पेट्रोल परवडेनासे झाल्यावर मालकांनी तिच्यात डिझेल इंजिन बसवून घेतले होते, त्यामुळे ती येताना ट्रकसारखी ऐकू येई आणि थांबल्यावर पुन्हा संस्थानिकांची दिसे. शाळेतून आल्यावर मी दप्तर न ठेवताच तिथे जाऊन उभा राहत असे. मिस्त्री फारसे बोलत नसत. एकदा त्यांनी माझ्या हाती पाना दिला आणि डाव्या बाजूच्या चाकाचा नट सोडवायला सांगितले. मी दोन्ही पाय रोवून जोर लावला तरी तो हलेना. सगळे गॅरेज हसून झाल्यावर त्यांनी पाना उलट्या दिशेला लावून दिला आणि नट सहज सुटला. डावीकडची चाके पुढे धावताना नट सैल होऊ नयेत म्हणून क्रायस्लरवाले त्या बाजूला उलटे आटे पाडत, आणि हा प्रकार त्यांनी माझ्या डार्टपर्यंत चालू ठेवला होता. गेल्या वसंतात टायर बदलायला नेली तेव्हा नट सोडवायची हवेची बंदूक घेऊन पुढे सरसावलेल्या तरुण मुलाला मी, नट ज्यावर बसतो त्या स्टडच्या टोकावरचा, डाव्या आट्यांचा ‘एल’ दाखवला. “हे तुम्हाला कोणी सांगितले, सर?” असे त्याने विचारले. सांगलीचे नाव मी दोनदा सांगितले.

दुरुस्ती आणि जीर्णोद्धार यांत मी दुरुस्तीच्या बाजूचा आहे. प्रदर्शनात मांडायच्या गाड्यांवर कारखान्यातल्या तपासनिसांच्या खडूच्या खुणासुद्धा जुने फोटो पाहून पुन्हा काढल्या जातात. पाळी संपायच्या घाईत कोणा कामगाराने ओढलेला फराटा आज जाणकार मंडळी श्वास रोखून, त्याच रंगात, तेवढ्याच तिरकेपणाने ओढतात. त्यांच्या चिकाटीबद्दल आदर आहे, पण त्या गाड्या मग ट्रेलरवरून येतात आणि ट्रेलरवरूनच जातात. मी मागचा पत्रा कापून नवा जोडून घेतला, कार्ब्युरेटर उघडून हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला टिकतील असे रबरी भाग घातले आणि रंग होता तसा फिकट राहू दिला. राज्याची स्वस्त ‘ऐतिहासिक’ नंबरप्लेटही घेतली नाही, कारण तिच्यावर गाडी मेळावे आणि मिरवणुकांनाच नेता येते. सर्वसाधारण वापराची मुभा फक्त ऑगस्टमध्ये मिळते. जुलैत कोथिंबीर आणायला निघालेल्या माणसाने ती मिरवणूक आहे असे पोलिसाला कसे पटवावे? मी साधी प्लेट लावली आहे आणि रस्त्यावरचे मीठ पावसाने धुऊन निघाले की हिमापर्यंत कोथिंबीर, पोस्ट, ग्रंथालय अशी कामे मुद्दाम हिच्यासाठी राखून ठेवतो.

आता मुलगी सुट्टीत घरी येते तेव्हा किल्ली मागते. तिला गिअर, चोक सगळे समजावून झाले आहे, हातही चांगला आहे. परंतु या गाडीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, त्यांना पायाचा जोर वाढवणारी व्हॅक्यूमची मदत नाही, सलग दाबले तर ते तापून ढिले पडतात आणि पाण्यातून गेल्यावर गाडी एका बाजूला ओढते. मला त्याची सवय आहे आणि मी पुढच्या गाडीपासून लांब राहतो. तिचा पाय मात्र आजच्या ब्रेकवर तयार झालेला आहे, आणि रस्त्यात मूल धावत आले तर तो पाय माझी शिकवण आठवत बसणार नाही. पुढच्या चाकांसाठी डिस्क ब्रेकचे सामान मागवले आहे. ते बसून तपासून होईपर्यंत किल्ली देणार नाही, असे तिला सांगितले आहे. ती रागावली आहे.