वृद्ध ताऱ्यांभोवतीच्या धुळीच्या तबकड्या कशा ओळखाव्यात?

सूर्यासारख्या ताऱ्याचे वय झाले की तो फुगतो, बाहेरची आवरणे अवकाशात सोडून देतो आणि शेवटी श्वेत बटू, म्हणजे उरलेला लहान, घन गाभा, होतो. आवरण गेल्यानंतरचा आणि श्वेत बटू होण्यापूर्वीचा टप्पा ताऱ्याच्या आयुष्याच्या मानाने अगदीच अल्प असतो. त्यामुळे या अवस्थेतील तारे मुळात थोडे, आणि दृश्य प्रकाशात ते इतर महाराक्षसी ताऱ्यांसारखेच दिसतात. त्यांचा शोध लागू लागला तो अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशातील सर्वेक्षणांमुळे.

१९८३ मध्ये आयरास या उपग्रहाने १२, २५, ६० आणि १०० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या चार पट्ट्यांत जवळजवळ सगळे आकाश धुंडाळले. १९८६ मध्ये आपल्याकडचे एम. पार्थसारथी आणि नेदरलँड्सचे पोटाश यांनी त्या नोंदींवरून दाखवून दिले की एचडी १६१७९६ हा शौरी तारकासमूहातील तारा दूर-अवरक्तात अपेक्षेपेक्षा फार तेजस्वी आहे, म्हणजेच त्याच्याभोवती थंड धूळ आहे. ही धूळ कवचाच्या रूपात बाहेर पसरत चालली आहे. ताऱ्यापासून दूर गेल्यामुळे ती निवली आहे, आणि म्हणून तरंगलांबीनुसार प्रकाशाचा आलेख काढला तर त्यात एक ताऱ्याचा आणि एक धुळीचा असे दोन वेगळे उंचवटे दिसतात.

मला खरे कुतूहल आहे ते दुसऱ्या प्रकाराचे. काही ताऱ्यांच्या आलेखात अवरक्त आधिक्य, म्हणजे अपेक्षेपेक्षा जास्तीचा अवरक्त प्रकाश, दोन-तीन मायक्रॉनपासूनच सुरू होते, म्हणजे हजार केल्व्हिनच्या आसपास तापलेली धूळ ताऱ्याच्या अगदी जवळ आहे. ताऱ्याने वस्तुमान बाहेर टाकणे थांबवलेले असताना धूळ बाहेर वाहून जायला हवी होती. ती गेली नाही, याचा अर्थ ती गुरुत्वाकर्षणाने बांधलेली आहे आणि तबकडीच्या रूपात फिरते आहे. बेल्जियममधील ल्यूव्हनचे हान्स व्हॅन विंकेल आणि त्यांचे सहकारी यांनी वर्षानुवर्षे त्रिज्य वेग (तारा आपल्याकडे येण्याचा किंवा दूर जाण्याचा वेग) मोजून दाखवले की असे तारे बहुतेक जोडतारे असतात. साथीदाराशिवाय अशी तबकडी टिकणे कठीणच.

आज टूमास आणि वाइज या अवरक्त आकाश-सर्वेक्षणांच्या नोंदी कोणालाही मोफत मिळतात, त्यामुळे हा आलेख घरबसल्या काढता येतो. तरीही केवळ रंगांवरून निवड करणे धोक्याचे आहे, कारण नवजात ताऱ्यांभोवतीच्या तबकड्याही जवळजवळ हाच आलेख देतात. ताऱ्याची तेजस्विता, म्हणजे तो मुळात किती प्रकाश देतो हे, माहीत असेल तर बराच उलगडा होतो. मॅगेलनच्या मेघांमधील, म्हणजे आपल्या शेजारच्या दोन लहान दीर्घिकांमधील, सगळे तारे साधारण एकाच, आणि ठाऊक असलेल्या, अंतरावर असल्याने तेथे हे काम सोपे झाले. तेथेच देविका कामत आणि सहकाऱ्यांना सुमारे २,५०० सूर्यतेजांपेक्षा मंद, तरीही धूळ बाळगणारे तारे सापडले. हे तारे तांबड्या राक्षसी अवस्थेतच, बहुधा साथीदाराच्या प्रभावामुळे, आवरण गमावून बसले असावेत.

एक अडचण मात्र उरतेच. एसी हर्क्युलिस हा ७५ दिवसांच्या आवर्तनाने तेज बदलणारा, साध्या द्विनेत्रीतून दिसणारा तारा तबकडी बाळगून आहे, पण त्या तबकडीचा आतला भाग रिकामा आहे; साहजिकच दोन-तीन मायक्रॉनवरचे आधिक्य त्याच्याकडे फारसे दिसत नाही. निव्वळ उष्ण धुळीवर भर देणाऱ्या चाळणीतून असे तारे निसटतात, आणि ती पोकळी कदाचित एखाद्या ग्रहाने केली असेल हे लक्षात घेतले तर माझ्या मते नेमके तेच तारे अधिक निगुतीने शोधायला हवेत. त्यासाठी वाइजच्या १२ आणि २२ मायक्रॉनच्या नोंदींकडे अधिक लक्ष द्यावे लागेल.