पाचफुटी टाकीखालचं लाकूड

माशांची टाकी पाच फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. काच १२ मिलिमीटर. दुकानदार टाकीबरोबर लोखंडी अँगलचा स्टँड द्यायला तयार होता, स्वस्तही पडला असता. मी नको म्हटलं. एक तर आमच्या कराडचा पावसाळा आणि टाकीभोवतीची रोजची सांडलवंड, यात लोखंडाचा रंग सुटतो आणि गंज फरशीवर उतरतो. दुसरं म्हणजे वेल्डिंग गार होताना अँगल ओढला जातो आणि चौकटीला पीळ बसू शकतो. गंज काचेला चालेल, पीळ चालत नाही. मला खरं तर या पिळाबद्दलच लिहायचंय, कारण स्टँड म्हटलं की जो तो एवढंच विचारतो, ‘मजबूत आहे ना?’

आधी वजनाचा हिशोब. काचेची जाडी वजा केली आणि वरून दोन इंच रिकामे सोडले तर या टाकीत साधारण ४८० लिटर पाणी मावतं. एक मिलिमीटर जाडीच्या काचेचं वजन चौरस मीटरला अडीच किलो, म्हणजे आमच्या टाकीची नुसती काच शंभर किलोच्या वर जाते. वाळू, दगड, स्टँडचं स्वतःचं लाकूड, सगळं धरून साडेसातशे किलोच्या आसपास. आणि हे सगळं एक चौरस मीटरही न भरणाऱ्या जागेवर. आयएस ८७५ या मानकात राहत्या खोलीच्या स्लॅबवर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरतात. तो आकडा अख्ख्या खोलीसाठी असतो, त्यामुळे स्लॅब लगेच खाली येईल असं नाही. पण आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो. इमारतीचा नकाशा काढला, ओळखीच्या इंजिनिअरला दाखवला आणि खालून बीम जातो त्या भिंतीलगतची जागा ठरवली. तिथल्या फरशा टिचक्या मारून ऐकल्या. एक बद्द वाजली, ती काढून खाली सिमेंट भरून पुन्हा बसवून घेतली. पोकळ फरशीवर पाय आला की ती तडकणारच.

लाकूड वखारीतून आणलं. जुना साग, कुठल्यातरी पाडलेल्या घराच्या तुळया. नव्या लाकडाइतका तो आता वाकत-फुगत नाही, वर्षानुवर्षांत जे वाकायचं ते वाकून झालेलं असतं. वखारवाल्याने आधी खिळे शोधून उपटले, मग चार बाय दोनच्या पट्ट्या कापून दिल्या. सगळं मिळून साडेतीन घनफूट आणि थोडं वाया. चार बाय दोन आडवी घालायची नाही, उभी घालायची. तेवढंच लाकूड, पण चार इंचांची बाजू उभी ठेवली की ते चौपट कमी लवतं.

आमचे मिस्त्रीमामा पलंग, कपाटं, देवघरं करणारे. हात चांगला. पण पहिल्याच दिवशी आमचं वाजलं. त्यांनी आडव्या पट्ट्या पायांच्या बाजूला लावून दाखवल्या. ‘चार-चार स्क्रू मारतो ताई, जागची हलणार नाही.’

मी म्हटलं, ‘हलणार नाही मामा, पण वजन कशावर आलं? स्क्रूवर. मला लाकूड लाकडावर बसलेलं पाहिजे.’

पलंगावर माणूस झोपतो, उठतो, वजन येतं आणि जातं. इथे साडेसातशे किलो वर्षानुवर्षं तसंच बसून राहणार. स्क्रूचं काम फक्त तुकडे एकमेकांना धरून ठेवणं. म्हणून प्रत्येक पाय दोन पट्ट्यांचा केला. एक पट्टी वरच्या आणि खालच्या चौकटीच्या मध्ये उभी. वरची चौकट थेट तिच्या डोक्यावर बसते. दुसरी तिला चिकटून वरपासून खालपर्यंत, दोन्ही चौकटींना धरणारी. मध्ये फेविकॉल मरीन आणि स्क्रू. असे सहा पाय, पुढे तीन, मागे तीन. पुढच्या मधल्या पायामुळे कपाटाचं दार एकसंध होत नाही आणि फिल्टर आत घालताना कोपर आपटतं, हे खरंय. तरी पाच फुटांत मधला पाय गाळायचा असेल तर वरची पट्टी बरीच जास्त उंचीची लागते, आणि तेवढी उंची मला द्यायची नव्हती. स्टँड अठ्ठावीस इंचच ठेवला.

उंची कमी का, तर आमच्याकडे कोयना आहे. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेचा भूकंप सासूबाईंना आठवतो आणि बारीक धक्के तर या भागाला नवे नाहीत. उभ्या वजनाला सहा पाय पुरेत, पण धक्का आडवा येतो आणि टाकीतलं पाणी हिंदकळून तो वाढवतं. नुसत्या पट्ट्यांची चौकट बाजूने ढकलली की तिरकी होऊन लोळते. त्यावर उपाय तिरप्या पट्ट्यांचा किंवा प्लायचा. आम्ही मागे आणि दोन्ही बाजूंना १२ मिलिमीटरचं प्लाय लावलं, कडेकडेने सगळीकडे स्क्रू. फिल्टरच्या पाइपसाठी मागे भोकं पाडली तीही लहान, पायांपासून लांब. शिवाय भिंतीला दोन एल-क्लॅम्प. भिंतीला भोकं पाडायला यांचा विरोध होता, तो रंगाचा डबा शिल्लक आहे हे दाखवल्यावर मावळला.

आता पीळ. वरचं प्लाय, १९ मिलिमीटरचं, आयएस ७१०चा, म्हणजे मरीन प्लायचा, शिक्का असलेलं, ठोकायच्या आधी मी मामांना थांबवलं. चौकटीच्या चार कोपऱ्यांवर चार सारखी नाणी ठेवली आणि त्यांवरून दोन दोरे ताणून कोपऱ्यातून कोपऱ्यात फुलीसारखे बांधले. चारही कोपरे एका पातळीत असतील तर मध्ये दोरे एकमेकांना जेमतेम टेकतात. वरचा दोरा खाली आणि खालचा वर करूनही टेकले पाहिजेत. आमच्यात मध्ये दोन मिलिमीटरची फट निघाली. मधली फट दोन म्हणजे एखादा कोपरा चार मिलिमीटरने चुकलेला.

‘ताई, चार मिलिमीटर कोण बघतंय!’

कोणी बघत नाही, काच बघते. लाकूड पिळाला दबून जातं, काच दबत नाही. तळाच्या कोपऱ्यातल्या सिलिकॉनवर ओढ येते आणि कधीतरी ते सुटतं किंवा तळच तडकतो. टाकीखाली थर्माकोल घालतात तो खडा, रंगाचा थेंब असल्या बारीक उंचवट्यांसाठी. पिळावर तो औषध नाही. मामा काही न बोलता रंधा घेऊन त्या कोपऱ्यावर बसले. नंतर दोरे त्यांनी स्वतःच बांधले, दोनदा.

सपाट आणि लेव्हल या वेगळ्या गोष्टी. स्टँड सपाट असला तरी आमची फरशी बाल्कनीकडे उतरती आहे. पाण्याने भरलेली पारदर्शक नळी दोन्ही टोकांना धरली तेव्हा पाच फुटांत सहा मिलिमीटर उतार दिसला. त्यासाठी सनमायकाच्या पट्ट्या घातल्या, जाडीला साधारण एक मिलिमीटर, वाळवी लागत नाही आणि पाण्याने फुगत नाहीत. घातल्या त्या स्टँडच्या खाली, प्रत्येक पायाखाली. स्टँड आणि टाकीच्या मध्ये कधीच घालू नयेत. स्टँड थोडा उचलला गेल्यामुळे फरशी पुसताना लाकूड पाण्यात बसत नाही, हा वरचा फायदा. तळाला आणि प्लायच्या कापलेल्या कडांना तर मी रंगाचे जास्तीचे हात दिले, कारण प्लाय फुगतं ते कडेकडून.

भरताना एकदम भरली नाही. थोडी भरायची, काठापासून पाण्यापर्यंत चारही कोपऱ्यांवर पट्टी लावायची, मग पुढची. पाणी आपल्या आपण लेव्हलला राहतं, त्यामुळे टाकी झुकली तर लगेच कळतं. भरल्यानंतरचं माप आणि आठवड्यानंतरचं माप सारखंच आलं.

मासे अजून आलेले नाहीत. माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये बसायला काही आठवडे जातात, तोवर पाण्यातला अमोनिया तपासत राहायचं. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्यांना रिकामं पाणी दाखवून सांगतात, ‘सागाचं केलंय हो, पाण्यासाठी.’