तिसरा गिअर पकडला: तेल तापलं की घसरणाऱ्या ऑटोमॅटिकची नोंद

गाडी पुन्हा रस्त्यावर आली. दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरला जाताना आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) आता उसळत नाही. ज्याला दाखवली तो एकच सांगत होता: गिअरबॉक्स गेला, उतरवा, ओव्हरहॉल करा. गिअरबॉक्स खाली न उतरवता काम झालं. कसं झालं ते सविस्तर लिहितोय, कारण जुनी चार गिअरची टॉर्क कन्व्हर्टरवाली (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारी) ऑटोमॅटिक गाडी सांभाळणारे आपल्यात बरेच आहेत. एएमटी (मॅन्युअल गिअरबॉक्सच, पण क्लच-गिअर आपोआप) किंवा सीव्हीटीवाल्यांना (पट्ट्यावर चालणारा, ठरावीक गिअर नसलेला) यातलं फारसं लागू नाही. एएमटीत साधा कोरडा क्लच असतो, तिथलं घसरणं वेगळं.

लक्षण असं होतं. सकाळी गाडी एकदम ठीक. दुपारी नागपुरात व्हरायटी चौकाच्या सिग्नलवर तापून निघाली आणि अजनीकडून डबलडेकर पुलावर चढायला लागली, की तिसरा पडताना सुई 2600 वरून 3400 वर जायची, गाडी मात्र पन्नासलाच. क्षणभरानं पकड यायची. पहिला, दुसरा आणि रिव्हर्स या तिन्हींत काहीच तक्रार नाही.

गरम झाल्यावरच आणि एकाच गिअरला, ही दोन लक्षणं सगळ्यात मोलाची. सगळेच गिअर घसरत असतील तर तेलाची पातळी, फिल्टर, पंप किंवा लाइन प्रेशर (पंपाकडून येणारा तेलाचा मुख्य दाब) पाहायचं. एकच घसरत असेल तर त्या गिअरचा क्लच आणि त्याच्यापर्यंत जाणारी तेलाची वाट. मॅन्युअलमध्ये कोणत्या गिअरला कोणता क्लच लागतो याचा तक्ता असतो, तो आधी काढा. माझ्या गाडीत तिसऱ्याला डायरेक्ट क्लच लागतो, आणि तोच रिव्हर्सलाही. रिव्हर्स घट्ट पकडतोय म्हणजे क्लच चांगला, असं म्हणायचा मोह होतो. पण रिव्हर्सला लाइन प्रेशर पुष्कळ जास्त असतं, त्यामुळे अर्धवट झिजलेला क्लचही तिथे धरून ठेवतो. तेवढ्यावर निकाल देऊ नका.

तेल तपकिरी झालं होतं, पण जळका वास नव्हता. थ्रॉटल केबलची (ॲक्सिलरेटर किती दाबलाय ते गिअरबॉक्सला सांगणारी) मोजणी बरोबर आली. या पिढीच्या बॉक्समध्ये ती केबल ढिली असली तर प्रेशर कमी पडतं आणि नुसत्या ॲडजस्टमेंटनं घसरणं थांबतं, म्हणून ते पहिल्यांदा पाहायचं. शिफ्ट सोलेनॉइड (गिअर बदलणारे विजेवरचे व्हॉल्व्ह) 13 ओहमच्या आसपास, ठीक. बिघाडाचा कोड एकही नाही, जुना ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर) गिअर रेशो तपासतच नाही. नव्या गाडीत अशा वेळी पी0733 दिसतो, म्हणजे तिसऱ्या गिअरचा रेशो चुकतोय.

मग प्रेशर गेज लावला. डी मध्ये आयडलला 4 बार, आर मध्ये साडेसहा, तेल गरम असताना. दोन्ही मॅन्युअलच्या हद्दीत. स्टॉल टेस्टही (ब्रेक दाबून गाडी जागीच धरायची, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून आरपीएम कुठवर जातं ते पाहायचं) डी आणि आर दोन्हींत बरोबर आली. ही चाचणी करणाऱ्यांनी चारही चाकांना उटी लावावी, हँडब्रेक ओढावा, पुढे कोणी उभं राहू नये आणि ॲक्सिलरेटर पाच सेकंदांच्या वर दाबू नये. कन्व्हर्टरमधलं तेल त्या अवधीत भयंकर तापतं.

पंप चांगला, लाइन प्रेशर चांगलं, क्लच बहुतेक चांगला. संशय उरला तो ॲक्युम्युलेटरवर. गिअर बदलताना झटका बसू नये म्हणून क्लचच्या वाटेवर स्प्रिंगवाला एक छोटा पिस्टन असतो, तोच हा. त्याच्या सीलमधून तेल निसटलं तर क्लच भरायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ इंजिन मोकळं पळतं. थंड तेल जाड असतं, फटीतून जात नाही. गरम तेल पातळ होतं आणि निसटतं. सकाळ-दुपारच्या फरकाचा अर्थ इथे लागला.

गिअरबॉक्सखालचा तेलाचा पॅन उघडला. मॅग्नेटवर करड्या रंगाची मऊ पेस्ट होती, ती असतेच. धातूचा कीस नाही, क्लचच्या अस्तराचे काळे तुकडे नाहीत. व्हॉल्व्ह बॉडीचे (तेल कोणत्या क्लचला जायचं ते ठरवणारा ठोकळा) बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात, म्हणून पुठ्ठ्यावर आकृती काढून जागच्या जागी खोचून ठेवले. बॉडी उतरल्यावर पिस्टन गिअरबॉक्सच्या अंगातच बसलेले दिसतात. तेलाच्या भोकातून हलकी हवा दिली, वर कापड धरलं, की अलगद बाहेर येतात.

डायरेक्ट क्लचच्या पिस्टनची ओ-रिंग गोल राहिलीच नव्हती. बाहेरची बाजू सपाट, चकचकीत. नखानं दाबली तर खूण उमटेना, वाकवली तर तडा गेला. हिंगणा एमआयडीसीत हायड्रॉलिक सिलिंडर दुरुस्त करणाऱ्या एका काकांना दाखवली. हातात घेऊन म्हणाले, "हे रबर राह्यलं कुठं भाऊ आता, पार प्लास्टिक झालं." त्यांनी व्हर्नियरनं पिस्टनची खाच आणि बोअर मोजून विटॉनच्या (उष्णता आणि तेल सोसणारं रबर) रिंगा काढून दिल्या आणि पैसे घेताना बजावलं, "कोरडी नको बसवजो, तेल लावून बसव." फार जाणता माणूस. मी सगळ्याच ॲक्युम्युलेटरच्या रिंगा बदलल्या, एवढं उघडल्यावर एकीसाठी थांबण्यात अर्थ नाही.

व्हॉल्व्ह बॉडीचे बोल्ट 10 न्यूटन-मीटरला, छोट्या टॉर्क रेंचनं. अंदाजानं आवळू नका, ॲल्युमिनियमचे आटे पटकन जातात. तेल जेवढं निघालं तेवढंच मोजून भरलं, मग इंजिन चालू ठेवून लिव्हर सगळ्या जागांवर फिरवून पी मध्ये आणला. पातळी तेल 70 ते 80 अंशांवर असतानाच बघायची. डिपस्टिकच्या नळीतून थर्मोकपलची तार सोडली की तापमान नेमकं कळतं.

खरी परीक्षा भर दुपारी घेतली, नवतपा सुरू असताना. सिताबर्डीच्या गर्दीत गाडी तापवली, सेमिनरी हिल्सचा चढ, मग वर्धा रोड. तेल 100 अंशांच्या जवळ गेलं तरी तिसरा एका दमात पडला.

पॅनमधून निघतं ते अर्धंच तेल, उरलेलं कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून थोडं चालवून पुन्हा एकदा काढून भरणार आहे. रेडिएटरच्या खालच्या टाकीतला कूलर आपल्या उन्हाळ्याला कमी पडतो असं माझं ठाम मत झालंय. समोर वेगळा कूलर बसवायचं पुढचं काम. एसीच्या कंडेन्सरपुढे जागा मोजून झाली आहे, ब्रॅकेट बनवायला टाकलाय.