भूत क्यूटीएल आणि बेझवाले

शाळेत मेंडेलचे वाटाणे शिकल्यामुळे आपल्या डोक्यात बसलंय की एक गुण म्हणजे एक जनुक, झाड उंच नाहीतर बुटकं. पण फुलं किती दिवसांनी येतात, गाय किती दूध देते असल्या मोजायच्या गुणांमागे बरीच जनुकं असतात, प्रत्येकाचा वाटा थोडा थोडा आणि वर हवामानाचा गोंधळ वेगळाच. डीएनएवरच्या या जागांना क्यूटीएल म्हणतात.

1989 ला लँडर आणि बॉटस्टीनने इंटरव्हल मॅपिंग आणलं. क्रोमोसोमवर जागोजागी थांबून विचारायचं, इथे क्यूटीएल आहे का, आणि एलओडी स्कोअर काढायचा. स्कोअर 3 आला म्हणजे 'नाही'पेक्षा 'आहे' असं धरल्यावर हाती आलेला डेटा हजारपट जास्त संभवतो. झकास पद्धत, पण एकाच क्रोमोसोमवर दोन क्यूटीएल जवळ असले आणि दोघं एकाच दिशेने ओढत असले तर शिखर कधीकधी दोघांच्या मधेच येतं, जिथे काहीच नसतं!! याला खरंच 'घोस्ट क्यूटीएल' म्हणतात, मी आपलं भूत म्हणतो.

बेझवाले, म्हणजे आधीचा अंदाज डेटा बघून सुधारत जाणारे संख्याशास्त्रज्ञ, म्हणतात एकेका जागेचा सुटा विचार करूच नका, क्यूटीएल कुठे आहेत, प्रत्येकाचा परिणाम केवढा, सगळंच अज्ञात धरा आणि सगळ्याचं मिळून पोस्टिरिअर, म्हणजे डेटा बघितल्यानंतरची संभाव्यता, काढा. हे कागदावर सुटत नाही, म्हणून एमसीएमसी नावाची युक्ती, कॉम्प्युटर शक्यतांमधून भटकत राहतो आणि जिथे जास्त रेंगाळतो तिथे संभाव्यता जास्त. सतगोपन, यांडेल, न्यूटन आणि ऑसबॉर्न यांनी 1996 ला 'जेनेटिक्स'मध्ये हे कॅनोलाच्या, म्हणजे मोहरीच्या भाऊबंदातल्या पिकाच्या फुलोऱ्यावर करून दाखवलं. त्यात क्यूटीएल किती ते आधी धरून मग बेझ फॅक्टरने, म्हणजे डेटा कुठल्या संख्येच्या बाजूने किती पट झुकतो त्या मापाने, तुलना होती. ग्रीनचा रिव्हर्सिबल जंप, म्हणजे लहानमोठ्या मॉडेलांमध्ये उड्या मारणारा एमसीएमसी, 1995 चा, तो वापरून फिनलंडच्या सिलानपा आणि आर्यास यांनी 1998 ला ती संख्याही मोकळी सोडली, मॉडेल स्वतःच एक क्यूटीएल वाढवतं, एक काढतं. मला विचाराल तर खरी मजा इथेच आहे, कारण 'तीन क्यूटीएल सापडले' असं ठोकून देण्याऐवजी दोनची शक्यता इतकी, तीनची इतकी असं उत्तर मिळतं.

आता प्रायरचं, म्हणजे डेटा बघण्याआधी धरलेल्या अंदाजाचं काय, हा प्रश्न येणारच. शंभरेक झाडांचा डेटा असेल तर 'किती क्यूटीएल' याचं उत्तर प्रायरकडे बऱ्यापैकी झुकतं, म्हणून प्रायर बदलून परत चालवून बघणं मस्ट आहे, आणि ते न करता छापलेले आकडे मी तरी फार मनावर घेत नाही. पण इतक्या थोड्या झाडांत साधी पद्धत तरी कुठे सुटते, जे क्यूटीएल एलओडीचा उंबरठा ओलांडतात त्यांचे परिणाम फुगलेले दिसतात, त्याला बीव्हिस इफेक्ट म्हणतात.

2001 ला म्यूविसेन, हेज आणि गोडार्ड यांनी तर शोधायचा नादच सोडला. सगळे मार्कर, म्हणजे डीएनएवरच्या ओळखखुणा, एकदम मॉडेलमध्ये घाला, त्यांच्या बेझ-बी या पद्धतीमध्ये बहुतेकांचा परिणाम शून्य धरा, आणि थेट जनावराचं ब्रीडिंग व्हॅल्यू, म्हणजे पिल्लांना देण्याजोगी आनुवंशिक गुणवत्ता, सांगा. डेअरीवाल्यांना तेच हवं होतं, त्यांना वळू निवडायचा असतो, जनुक नेमकं कुठे बसलंय याच्याशी फारसं देणंघेणं नसतं.