घोडा असून मी चालते का?

दर सप्टेंबरात काश्मीरहून परतले की फोटो बघून कुणीतरी विचारतंच, "घोड्याचे पैसे भरलेत, घोडा शेजारी चालतोय, मग तुम्ही पायी का?" इतकी वर्षं "तेवढाच व्यायाम" म्हणून वेळ मारून नेली. ते खरं नव्हतं. तुम्ही पुन्हा विचारलंत म्हणून सांगते.

मी तिकडे जाते ती ट्राउट माशांसाठी. गळ टाकायला आजोबांनी शिकवलं, चिपळूणला वाशिष्ठीच्या काठावर. पण तिथल्या विशनसर तळ्याचं पाणी सकाळी इतकं नितळ असतं की मासा आपल्या गळाला बांधलेल्या खोट्या माशीकडे वळलेला डोळ्यांनी दिसतो. तो ती घेईल की सोडून देईल, त्या क्षणासाठी मी वर्षभर थांबते. सोनमर्गहून निचनईची खिंड चढून तिथपर्यंत तंबू, शिधा, भांडी न्यायची तर घोडे लागतातच. त्याबद्दल मला कुणी दोष देऊ नये. सुरुवातीची पाच वर्षं मी स्वतःही घोड्यावरूनच जायचे.

2016 साली विशनसरच्या पुढची गडसरची खिंड उतरत होतो. जवळजवळ 4,200 मीटर उंची, खाली सुटी खडी. घोडेवाला दोनदा म्हणाला, "मॅडम, यहाँ से पैदल." माझा गुडघा दुखत होता. मी म्हटलं, सावकाश घ्या. तो लगाम धरून पुढे झाला. तिसऱ्या वळणावर घोड्याचे पुढचे पाय सरकले आणि तो गुडघ्यांवर बसला. मी डोंगराच्या बाजूला पडले, कोपर खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. घोडा उठला, थरथरत उभा राहिला. दोन्ही गुडघ्यांची कातडी गेली होती.

खरं बघितलं ते मुक्कामावर. खोगीर उचललं तर खालच्या घोंगडीला केस चिकटून आले. पाठीवर तळहाताएवढा ओला, लाल चट्टा. तो त्या पडण्याचा नव्हता. दोन-तीन दिवसांचा असणार. मी रोज त्याच्यावरच बसत होते. घोडेवाल्याने मिठाचं कोमट पाणी केलं, आपल्या फेरनचं, म्हणजे लांब झग्याचं, टोक बुडवून जखम पुसली. मला तो एक शब्दही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्या घोड्यावर काही लादलं नाही. त्याच्या वाटची पिशवी घोडेवाल्याने स्वतःच्या पाठीवर घेतली आणि पुढच्या मुक्कामापर्यंत, सातसरपर्यंत चालला. मी औषधाला पैसे दिले, त्याने घेतले.

पहाडी घोडं अडीचशे-तीनशे किलोचं. वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त ओझं लादू नये म्हणतात. मी, खोगीर आणि माझी पिशवी मिळून नव्वदच्या घरात जात होतो. हे गणित मला आधीही येत होतं.

त्या वेळची मी आजही भांडते माझ्याशी. म्हणते, त्या माणसाचं घर याच हंगामावर चालतं, तू बसली नाहीस तर दुसरं कुणी बसेल. बरोबर आहे. म्हणून घोड्याचं पूर्ण भाडं देते आणि तो मोकळा चालतो. यात कुणाचं काय भलं होतं, मला नीट सांगता येत नाही.

आणि तुमचा पुढचा प्रश्नही माहीत आहे: घोड्याची एवढी कणव, मग माशाच्या तोंडात आकडा कसा घालता? आकड्याचा उलटा दात पक्कडीने दाबून टाकते, म्हणजे तो सहज निघतो. हात ओला केल्याशिवाय मासा धरत नाही. जेवणापुरते, परवान्यात बसतील तेवढेच ठेवते, बाकीचे सोडते. हा ट्राउट मुळात तिथला नाही, इंग्रजांनी 1900च्या सुमारास बाहेरून अंडी आणून वाढवलेला, तेव्हा त्याचं एवढं काय, असंही स्वतःला सांगून पाहिलं. पटलं नाही. घोड्याची पाठ मला दिसली. सोडलेला मासा दोन शेपट्या मारून खोल जातो, पुढे त्याचं काय होतं ते दिसत नाही.

यंदाचंही तिकीट काढलंय. गळ बरोबर नेणार आहे.